‘मी बघते’ इंग्रजीत कसं म्हणायचं? ‘लुक आफ्टर’ची रोजच्या वापरातली ओळख

नाशिकला संध्याकाळी साडेसहाला माझा बोली इंग्रजीचा वर्ग असतो. येणाऱ्या बहुतेक जणी चाळिशीच्या पुढेमागे. कुणी दवाखान्यात आया म्हणून काम करते, कुणाची लेक परदेशी दिलेली आहे, कुणाला नातवाशी फोनवर चार वाक्यं बोलायची असतात.

मागच्या पावसाळ्यात त्यांच्यातली एक जण नोकरीचा अर्ज भरून दाखवायला आली. काम वृद्धांच्या देखभालीचं होतं. अनुभवाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, ‘नो एक्सपिरिअन्स’. बोलता बोलता कळलं, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं अकरा वर्षं सगळं तिनंच केलं होतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदला, असं डॉक्टरांनी एकदा सांगितलं आणि ही बाई रात्री मोबाइलला गजर लावून ते पाळत राहिली. मी विचारलं, “अगं, मग हे का नाही लिहिलंस?” तर म्हणाली, “त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला कुठं येतंय, मॅडम.”

तो रकाना खोडून आम्ही तिथं एकच वाक्य लिहिलं: “आय लुक्ट आफ्टर माय बेडरिडन मदर-इन-लॉ फॉर इलेव्हन इयर्स.”

आपल्याकडे आयुष्यभर कुणा ना कुणाला सांभाळणारी माणसं घरोघरी आहेत, आणि तेच काम इंग्रजीत सांगायची वेळ आली की ती गप्प होतात. हे मला मनापासून खुपतं. म्हणून ‘लुक आफ्टर’ हे एकच क्रियापद घेऊन नीट बसू या.

पहिली पायरी: काळजी बाजूला ठेवा, बघण्यापासून सुरुवात करा

शब्दकोश उघडलात तर ‘लुक आफ्टर’पुढे ‘काळजी घेणे’ असं दिसेल. अर्थ बरोबर आहे, पण नवशिक्यांची गाडी तिथंच घसरते, कारण मराठीत काळजी वाटते, काळजी करतात आणि काळजी घेतात. तिन्हींत शब्द एकच. इंग्रजीत तसं नाही. “आईची काळजी वाटते” म्हणजे “आय ॲम वरीड अबाउट माय मदर.” “आईची काळजी घेते” म्हणजे “आय लुक आफ्टर माय मदर.” पहिल्यात जिवाला घोर आहे. दुसऱ्यात औषधाच्या गोळ्या, पथ्याचं जेवण, दवाखान्याच्या फेऱ्या आहेत. आई ठणठणीत असली तरी दुसरं वाक्य खरं असू शकतं, आणि आई हजार मैलांवर असली तरी पहिलं.

म्हणून मी वर्गात काळजी हा शब्दच घेत नाही. मी ‘बघणे’ घेते. “म्हाताऱ्या आईबापांना कोण बघणार?” “शेती धाकटा बघतो.” “पोरांचं सगळं आजीच बघते.” ही वाक्यं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्यात बघणं म्हणजे डोळ्यांनी पाहणं नव्हे हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजीनं नेमकं हेच केलंय. ‘लुक’ म्हणजे बघणं, त्याला ‘आफ्टर’ जोडलं की ते आपलं आजीचं बघणं होतं. म्हणजे अर्थ तुमच्या घरातच होता, नवा आहे तो फक्त ‘आफ्टर’.

लक्षात ठेवायची माझी एक युक्ती आहे. नुकतंच चालायला लागलेलं मूल अंगणात दुडदुडतं तेव्हा आजीची नजर त्याच्या मागे मागे फिरते. आफ्टर म्हणजे मागे. नजर मागे मागे गेली की ‘लुक आफ्टर’. तो ‘आफ्टर’ गाळून कुणी “आय लुक माय मदर” म्हटलं, तर ऐकणाऱ्याला काहीच अर्थ लागणार नाही.

दुसरी पायरी: वाक्य बांधताना होणाऱ्या चुका

क्रम अगदी साधा आहे. कोण, मग ‘लुक आफ्टर’, मग कुणाला. “आय लुक आफ्टर माय मदर.” “शी लुक्स आफ्टर टू चिल्ड्रन.” “दे लुक आफ्टर द टेम्पल.” एवढंच.

पण मराठी कान मध्ये काहीतरी घालतो. आपण “आईला बघते” म्हणतो, त्यातला ‘ला’ इंग्रजीत न्यायचा मोह होतो आणि “लुक आफ्टर टू माय मदर” असं तोंडातून जातं. तो ‘टू’ काढून टाका. ‘आफ्टर’नंच ‘ला’चं काम केलेलं असतं.

दुसरी चूक ‘आईची काळजी’ मधल्या ‘ची’मुळे होते: “आय टेक माय मदर्स केअर.” ही चूक मी पदवीधरांच्याही तोंडून ऐकते. इंग्रजीत काळजी आईच्या मालकीची नसते. “आय टेक केअर ऑफ माय मदर” म्हणा, नाहीतर सरळ “आय लुक आफ्टर माय मदर.”

तिसरी चूक थोडं इंग्रजी शिकलेल्यांची. त्यांनी “पिक हिम अप”, “टर्न इट ऑफ” अशी वाक्यं ऐकलेली असतात, म्हणजे मधे माणूस किंवा वस्तू घालून दोन तुकडे केलेले. त्याच चालीवर ते “लुक हिम आफ्टर” म्हणतात. ‘लुक आफ्टर’चे तुकडे होत नाहीत. मधे काहीही घालायचं नाही, अगदी ‘हिम’, ‘हर’, ‘इट’ सुद्धा नाही. “लुक आफ्टर हिम.” “लुक आफ्टर हर.” “लुक आफ्टर इट.” आणि हो, ‘आफ्टर’नंतर ‘ही’ किंवा ‘शी’ येत नाही, ‘हिम’ आणि ‘हर’ येतं.

आणखी एक. मराठीत निरोप देताना आपण नुसतं “काळजी घे” म्हणतो. कुणाची, ते सांगत नाही. ‘लुक आफ्टर’ला मात्र पुढे कुणीतरी लागतंच. नुसतं “लुक आफ्टर, हं” म्हणून फोन ठेवलात तर समोरचा पुढच्या शब्दाची वाट बघत बसेल. “लुक आफ्टर युअरसेल्फ” म्हणा. आणि नुसतंच म्हणायचं असेल तर “टेक केअर” आहेच, ते एकटं उभं राहतं.

तिसरी पायरी: काळ

इथं फार रेंगाळायला नको, पण एक गोष्ट नोकरीच्या मुलाखतीत उपयोगी पडते. आपल्याकडे सगळीकडे ‘आय ॲम’ लावून ‘इंग’ जोडायची सवय आहे. “आय ॲम लुकिंग आफ्टर अकाउंट्स” म्हटलं की परक्या कानाला वाटतं, सध्यापुरतं हिच्याकडे दिलंय, खरी माणसं रजेवर असतील. काम कायमचं तुमचंच असेल तर “आय लुक आफ्टर अकाउंट्स.” सून बाळंतपणाला माहेरी गेलीय आणि थोरल्या नातवाला या महिन्यापुरतं तुम्ही बघताय, तर “आय ॲम लुकिंग आफ्टर माय ग्रँडसन धिस मंथ.” मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे, तर “आय हॅव बीन लुकिंग आफ्टर हर सिन्स 2019.” संपलं असेल तर “आय लुक्ट आफ्टर हर.” सासूबाई आता नाहीत, म्हणून वरच्या अर्जात आम्ही शेवटचं वापरलं.

चौथी पायरी: “मी बघते” म्हणजे नक्की काय?

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, सावकाश वाचा. मराठीत “मी बघते” हे दोन शब्द किती कामं करतात, ते दिवसभर स्वतःचंच बोलणं ऐकून मोजून पाहा. इंग्रजीत त्या प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे, आणि ‘लुक आफ्टर’ त्यातल्या एकालाच बसतो.

पुण्यातल्या एका कंपनीत परदेशी ग्राहकांशी बोलणारी माझी एक विद्यार्थिनी. ग्राहकाची पैसे दोनदा कापले गेल्याची तक्रार होती. हिला म्हणायचं होतं, “बघते हं, चौकशी करते.” ती म्हणाली, “आय विल टेक केअर ऑफ इट.” ग्राहक निश्चिंत झाला, कारण त्यानं ऐकलं ते असं: काम झालं समजा. तीन दिवसांनी पैसे परत आले नाहीत तेव्हा तो वरच्या साहेबांकडे गेला, आणि आपलं नेमकं काय चुकलं हे हिला कळेना. वागण्यात तिची काहीच चूक नव्हती, तिनं चौकशी त्याच दिवशी सुरू केली होती. फक्त शब्द चुकला.

तेव्हा ‘बघते’ म्हणायच्या आधी अर्धा क्षण थांबा आणि मराठीतच दुसरा शब्द शोधा.

‘चौकशी करते’ असं म्हणायचंय? “आय विल लुक इन्टू इट.” ‘शोधते’ असं म्हणायचंय, म्हणजे किल्ली कुठं ठेवलीय ते बघते? “आय विल लुक फॉर इट.” ‘नजर टाकते’, म्हणजे तुमचा कागद वाचून बघते? “आय विल हॅव अ लुक ॲट इट.” ‘करून टाकते, तुम्ही सोडून द्या’? “आय विल टेक केअर ऑफ इट” किंवा “आय विल सी टू इट.” ‘प्रयत्न करते, पण शब्द देत नाही’? हे आपण फार वेळा म्हणतो, आणि त्याला “आय विल सी व्हॉट आय कॅन डू” हे वाक्य तयार आहे. आणि ‘ते माझ्याकडेच असतं, माझीच जबाबदारी आहे’ असं असेल तेव्हा, आणि तेव्हाच, “आय लुक आफ्टर दॅट.”

‘टेक केअर ऑफ’ आणि ‘लुक आफ्टर’ यांत गोंधळ झाला तर स्वतःला एक प्रश्न विचारा: हे काम कधी संपणार? हॉटेलात आपण म्हणतो, “आजचं बिल मी बघतो.” बिल भरलं की काम संपलं. तिथं “आय विल टेक केअर ऑफ द बिल.” आई, मूल, बाग, दुकान यांचं काम संपत नाही, उद्या सकाळी पुन्हा आहेच. तिथं ‘लुक आफ्टर’ चपखल बसतं. ‘टेक केअर ऑफ’ दोन्हीकडे चालतं, म्हणून ते सोपं वाटतं, पण वर पाहिलंत ना, एखाद्या कामाबाबत ते म्हटलं की निकाल लावायचं वचन दिल्यासारखं होतं.

सरकारी पत्रव्यवहारातही हा शब्द भेटतो. एखादी जागा रिकामी असते, नवा अधिकारी येईपर्यंत दुसऱ्याकडे काम सोपवतात, त्याला केंद्र सरकारच्या कार्यालयांत, रेल्वेत ‘लुक आफ्टर’ व्यवस्था म्हणतात. म्हणजे खुर्ची तात्पुरती सांभाळायची. अर्थ तोच.

पाचवी पायरी: सांभाळणं

‘बघणे’च्या खालोखाल ‘सांभाळणे’. हा शब्द आपण इतका सैल वापरतो की नवशिक्यानं जरा सावध राहिलेलं बरं.

“नातू सांभाळते” याला ‘लुक आफ्टर’ बरोबर. पण “आईबाप गेल्यावर आजीनंच त्याला सांभाळलं” म्हणजे लहानाचं मोठं केलं. तिथं ‘लुक आफ्टर’ चुकीचं नाही, पण अपुरं आहे, आजीची वीस वर्षं त्यात मावत नाहीत. “हिज ग्रँडमदर ब्रॉट हिम अप.” तासाभरासाठी शेजारच्यांचं बाळ घेतलं, बहुधा पैसे घेऊन, तर “बेबीसिट”. स्वतःच्या मुलाला बघणाऱ्या बापाला कुणी ‘बेबीसिट करतोय’ म्हटलं तर इंग्रजी बोलणाऱ्या अनेक आयांना ते आवडत नाही, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. बाप मुलाला बघतो तेव्हा तो शेजारधर्म करत नसतो.

“दुकान सांभाळतो” यात मालक असेल तर “ही रन्स अ शॉप.” मालक जेवायला गेलाय आणि पुतण्या गल्ल्यावर बसलाय, तर “ही इज लुकिंग आफ्टर द शॉप.” मराठीत दोघंही सांभाळतातच.

आता जिथं ‘लुक आफ्टर’ मुळीच चालत नाही ती वाक्यं. समोरून मोटारसायकल येतेय आणि तुम्ही ओरडता, “सांभाळ!” इंग्रजीत “लुक आउट!” किंवा “केअरफुल!” इथं “लुक आफ्टर” म्हणाल तर माणूस मागे वळून बघेल. “पायरी सांभाळून” म्हणजे “वॉच युअर स्टेप”. लंडनच्या भुयारी रेल्वेत फलाट आणि डबा यांच्यातल्या फटीसाठी “माइंड द गॅप” अशी सूचना असते, तो ‘माइंड’ही आपला ‘सांभाळून’च. “जीभ सांभाळ” म्हणजे “वॉच युअर टंग”. तोल सांभाळणं म्हणजे “कीप युअर बॅलन्स”. आणि भाषणाच्या सुरुवातीला आपण नम्रपणे म्हणतो, “चुकलं तर सांभाळून घ्या”, त्याला “प्लीज बेअर विथ मी.” “प्लीज लुक आफ्टर मी” म्हटलंत तर श्रोत्यांना वाटेल तुमची तब्येत बिघडलीय.

वस्तूंसाठी मराठीत ‘जपणे’ आणि ‘निगा राखणे’ आहे, तिथं ‘लुक आफ्टर’ छान चालतं आणि आपण ते पुरेसं वापरत नाही. दात, डोळे, सायकल, शिलाई मशीन, काहीही. “इफ यू लुक आफ्टर धिस मशीन, इट विल लास्ट ट्वेंटी इयर्स.” आपण तिथं उगाच ‘मेन्टेन’ घुसवतो, ‘मेन्टेन युअर टीथ’ वगैरे. ते कारखान्याच्या भाषेसारखं लागतं. ब्रिटनमध्ये एक म्हण घरोघरी ऐकू येते: “लुक आफ्टर द पेनीज अँड द पाउंड्स विल लुक आफ्टर देमसेल्व्ज.” पै-पै जपा, रुपये आपले आपण राहतील. आपल्या थेंबे थेंबे तळे साचेची ही इंग्रज मावशी. एकाच वाक्यात क्रियापद दोनदा येतं, म्हणून पाठ करायला सोयीची.

एसटी स्टँडवरचं वाक्य राहिलं. “जरा बॅगेकडे बघा हं, मी पाण्याची बाटली घेऊन येते.” इथं बॅगेला खाऊपिऊ घालायचं नसतं, नुसती नजर ठेवायची असते. “कुड यू कीप ॲन आय ऑन माय बॅग, प्लीज?” ‘लुक आफ्टर माय बॅग’ म्हटलंत तरी चालतं. पण दोन आठवडे गावाला जाताना शेजारणीकडे किल्ली देऊन “झाडांना बघ गं” म्हणता, तेव्हा पाणी घालायचं असतं, वाळकी पानं काढायची असतात. तिथं नजर पुरत नाही. “कुड यू लुक आफ्टर माय प्लांट्स व्हाइल आय ॲम अवे?”

सहावी पायरी: तुम्हाला कुणी बघतं तेव्हा

आतापर्यंत आपण दुसऱ्याला बघत होतो. उलट बाजू शिकवली जात नाही, आणि परदेशी गेलेल्यांची पंचाईत तिथंच होते.

माझ्या वर्गातल्या एकीच्या बहिणीला लंडनच्या एका दुकानात विक्रेतीनं विचारलं, “आर यू बीइंग लुक्ट आफ्टर?” बहीण बिचारी गोंधळली. तिला वाटलं, ही माझ्या प्रकृतीची चौकशी करतेय की घरी कोण सांभाळतं ते विचारतेय? ती “येस, माय सन” म्हणाली आणि दुकानात पुढे वीस मिनिटं तिच्याकडे कुणी आलं नाही. त्या प्रश्नाचा अर्थ एवढाच होता: ताई, तुमच्याकडे कुणी आहे का बघायला? कुणीच नसेल तर “नो, नॉट येट” म्हणा, लगेच कुणीतरी येईल.

पाहुणचारालाही हेच क्रियापद आहे. कुणाकडे चार दिवस राहिलात, त्यांनी हवं नको सगळं पाहिलं, तर निघताना म्हणा, “यू लुक्ट आफ्टर अस सो वेल. थँक यू.” आपल्याकडचे लोक इथं नुसतं “नाइस फूड, नाइस हाउस” म्हणून थांबतात. हे एक वाक्य त्यापेक्षा कितीतरी उबदार आहे, यजमानाच्या चेहऱ्यावर ते दिसतं. दवाखान्यातून घरी आलेल्या माणसासाठी: “ही वॉज वेल लुक्ट आफ्टर.” इथं ‘बाय’ लावून कुणी ते सांगता येतं: “शी इज लुक्ट आफ्टर बाय हर डॉटर-इन-लॉ.”

आता एक सूचना, इंग्लंडला कुटुंबासह जाणाऱ्यांनी ही जरूर लक्षात ठेवावी. तिथल्या शाळाप्रवेशाच्या अर्जात एक प्रश्न असतो: मूल ‘लुक्ट आफ्टर चाइल्ड’ आहे का? आपल्या आईबापांना वाटतं, म्हणजे काय, आम्ही किती जपतो त्याला! आणि ते ‘येस’वर खूण करतात. हा तिथल्या कायद्यातला शब्द आहे. 1989 च्या चिल्ड्रन ॲक्टप्रमाणे जी मुलं स्थानिक प्रशासनाच्या ताब्यात किंवा आसऱ्याला आहेत, ती ‘लुक्ट आफ्टर’ मुलं. आईबापांच्या घरी वाढणारं मूल त्यात येत नाही. अशा मुलांना शाळाप्रवेशात सगळ्यात आधी जागा मिळते, त्यामुळे चुकीची खूण म्हणजे नुसती भाषेची चूक राहत नाही. तिथं ‘नो’ लिहायचं. ‘नो’ लिहिताना आईचा हात अडखळतो हे मी समजू शकते, पण प्रश्न तुमच्या मायेचा नाही.

तसंच नातवंडांसाठी परदेशी जाणाऱ्या आजीआजोबांचं. विमानतळावर “पर्पज ऑफ व्हिजिट?” विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं, “टू लुक आफ्टर माय ग्रँडसन.” आपल्या मनात माया असते, पण पगार घेऊन मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, त्यामुळे अधिकारी चार प्रश्न जास्त विचारू शकतो. खोटं बोलू नका, पूर्ण सांगा: “आय ॲम व्हिजिटिंग माय डॉटर. शी हॅज अ न्यू बेबी. आय विल स्टे फॉर टू मंथ्स.” आणि पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला काय करता येतं याचे प्रत्येक देशाचे नियम निघण्याआधी मुलाकडून किंवा लेकीकडून नीट समजून घ्या.

सातवी पायरी: इंग्लंड, अमेरिका आणि करणारीचं नाव

ब्रिटनमध्ये ‘लुक आफ्टर’ उठताबसता ऐकू येईल. अमेरिकेत तिथं लोक जास्त करून ‘टेक केअर ऑफ’ म्हणतात. दोन्ही दोन्हीकडे कळतं, घाबरायचं कारण नाही.

नावाच्या बाबतीत मात्र घोळ होतो. वृद्धांना बघणाऱ्याला आपण ‘केअरटेकर’ म्हणतो. ब्रिटनमध्ये ‘केअरटेकर’ म्हणजे शाळेची किंवा इमारतीची देखभाल करणारा माणूस, कुलपं, दिवे, साफसफाई बघणारा. माणसाला बघणारा तो ‘केअरर’, मग तो पगारी असो की घरचाच. अमेरिकेत त्यालाच ‘केअरगिव्हर’ म्हणतात. अर्ज कुठल्या देशात चाललाय ते बघून शब्द लिहा.

नर्स होऊन ब्रिटनला जाऊ पाहणाऱ्या मुलींसाठी दोन वाक्यं. तिथली नर्सिंगची नोंदणी संस्था इंग्रजीसाठी आयईएलटीएस आणि ओईटी या परीक्षा ग्राह्य धरते. ओईटीच्या तोंडी भागात पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग वठवावे लागतात, एकीकडे तुम्ही आणि समोर रुग्ण किंवा त्याचा नातेवाईक. घरी सोडतानाचा प्रसंग आला तर “हू लुक्स आफ्टर यू ॲट होम?” हा प्रश्न जरूर विचारा, कारण पुढचं सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं. आणि घाबरलेल्या रुग्णाला “डोन्ट टेक टेन्शन” म्हणू नका, ते आपल्याच देशातलं इंग्रजी आहे. “डोन्ट वरी. वुई विल लुक आफ्टर यू.”

आठवी पायरी: उच्चार

‘लुक’ आणि ‘आफ्टर’ सुटे म्हणू नका, ‘लुकाफ्टर’ असं एका दमात म्हणा. जोर ‘आ’वर. ‘लुक्स आफ्टर’चं ‘लुक्साफ्टर’. भूतकाळात लिहिताना शेवटी ‘ड’ असला तरी कानाला ‘ट’ येतो, म्हणून मी या लेखात मुद्दाम ‘लुक्ट’ लिहिलंय: ‘लुक्टाफ्टर’. अमेरिकेत ‘आ’चा ‘ॲ’ होतो, तो तुम्ही केला नाहीत तरी काही अडत नाही. आमच्या वर्गात आम्ही हे भांडी घासताना म्हणायचा गृहपाठ देतो, कारण तेव्हा हात गुंतलेले आणि तोंड मोकळं असतं.

नववी पायरी: पुढचा प्रश्न

एवढं जमलं तरी काम अर्धंच झालं. “आय लुक्ट आफ्टर माय मदर-इन-लॉ” म्हटलं की ऐकणारा हमखास विचारतो, “व्हॉट डिड यू डू फॉर हर?” आणि नेमकं तिथं शब्द संपतात. ‘बघणं’ हा मोठा शब्द झाला, त्याच्या पोटातली छोटी कामं सांगता आली पाहिजेत. आंघोळ घातली, “आय वॉश्ट हर.” कपडे घातले, “आय ड्रेस्ट हर.” भरवलं, “आय फेड हर.” कूस बदलली, “आय टर्न्ड हर.” औषधं दिली, “आय गेव्ह हर मेडिसिन्स.” गप्पा मारल्या, “आय टॉक्ट टू हर”, आणि हे सांगायला विसरू नका, तेही कामच आहे. सगळी वाक्यं तीन-चार शब्दांची आहेत. तुमच्या घरात जे घडलं तेवढीच निवडा आणि त्याच क्रमानं म्हणा, सकाळपासून रात्रीपर्यंत. क्रम तुमच्या अंगवळणी पडलेला आहे, त्यामुळे वाक्यं आठवत बसावी लागत नाहीत.

माझ्या त्या विद्यार्थिनीला मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा आम्ही आठवडाभर हेच केलं. मुलाखत फोनवर होती, ती माझ्या वर्गातल्या बाकावर बसून बोलली, मी दाराशी उभी होते. तिनं धुणं, भरवणं, कूस बदलणं सगळं एकेक करून सांगितलं, आवाज जरा कापत होता. पलीकडच्या बाईंनी विचारलं, “अँड ॲट नाइट?”

हा प्रश्न आम्ही घोकला नव्हता. ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, “ॲट नाइट आय सेट ॲन अलार्म.”